अतिविषाची कळी आणि बांधावरचा लव्हाळा

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



वार्षिक दिनाच्या व्याख्यानासाठी दरवर्षी एखाद्या आजाराचा विषय निवडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा आम्ही एका वनस्पतीचा विषय निवडला आहे. ती वनस्पती आपल्या जिल्ह्यात उगवत नाही आणि उगवणारही नाही. तरीही तिच्याविषयी येथे बोलणे आम्हांला अगत्याचे वाटले. त्याचे कारण प्रथम सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या बालरुग्ण कक्षात एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मूल जुलाबाने कोमेजले होते. तीन दिवसांत ते सावरले. घरी जाण्याच्या दिवशी आजोबांनी पिशवीतून काळ्या प्लास्टिकच्या दोन लहान थैल्या काढून आमच्यासमोर ठेवल्या. त्यांत वाळून गेलेली रोपे होती. हिमालयातील अतिमोलाची जडीबुटी म्हणून एका विक्रेत्याने ती त्यांना विकली होती आणि तयार माल परत विकत घेण्याची तोंडी हमीही दिली होती. त्या रोपांसाठी दिलेली रक्कम घरच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेली होती. आजोबांनी विक्रेत्याविषयी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. ते एवढेच म्हणाले, "पाणी तर रोज घातलं सायेब, मग चुकलं काय माझं?"

त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते याची टोचणी मनाला लागून राहिली. त्यातच एक गोष्ट आम्हांला प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. रुग्णालयाच्या आवारात 'हिमालयीन वनौषधी उद्यान' उभारावे, खर्च आम्ही करू, असा एका देणगीदार कुटुंबाचा सद्भावनेचा प्रस्ताव त्याच सुमारास आमच्याकडे आला होता आणि आम्हीही त्या कल्पनेने हरखून गेलो होतो. आजोबांच्या थैल्यांनी आम्हांला थांबवले. मग आम्ही या विषयाचा अभ्यास केला. त्याचे सार आज आपणांपुढे मांडत आहोत.

गुटीच्या डब्यातील पाहुणी

त्या थैल्यांवर नाव लिहिले होते 'अतिविष'. हे नाव येथे बसलेल्या प्रत्येक आजीच्या परिचयाचे आहे. बाळगुटीच्या डब्यात वेखंड, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, ज्येष्ठमध यांच्या सोबतीला अतिविषाची एक पांढुरकी कळी असते. सहाणेवर तिचे मोजके वळसे द्यावयाचे, हा आपल्या घराघरांतील रिवाज. ती कळी काष्ठौषधीच्या दुकानातून येते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. दुकानात ती कोठून येते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

नावात विष असले आणि ही वनस्पती बचनागाच्या कुळातील असली, तरी बचनागाचे जहाल विष हिच्यात नाही. म्हणूनच प्राचीन निघंटुकारांनी हिला 'शिशुभैषज्या', म्हणजे बालकांचे औषध, असे नाव दिले. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी या चार द्रव्यांचे 'बालचातुर्भद्र' चूर्ण वैद्यवर्गात सुप्रसिद्ध आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जेथे आपापल्या कार्यात श्रेष्ठ असणाऱ्या द्रव्यांची गणना केली आहे, तेथे भूक वाढविणे, पचन सुधारणे आणि जुलाब आटोक्यात आणणे यांसाठी अतिविषाला मानाचे स्थान आहे. त्याच गणनेत याच तीन कार्यांसाठी आणखी एका द्रव्याचे नाव येते. ते नाव आपण लक्षात ठेवावे: मुस्ता, अर्थात मोथा. त्याच्याकडे आपल्याला शेवटी वळावयाचे आहे.

तिचे माहेर

आपल्या जिल्ह्यातील परळीच्या वैद्यनाथाचे दर्शन घेऊन पुढे केदारनाथाच्या यात्रेस गेलेले अनेक भाविक येथे असतील. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. त्या वाटेवर एका उंचीनंतर मोठी झाडे विरळ होत जातात आणि हिरवी गवताळ कुरणे सुरू होतात. गढवालमधील लोक त्यांना 'बुग्याल' म्हणतात. अतिविषाचे माहेर ते हेच. काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात, साधारणतः २,४०० ते ४,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात ती आढळते.

तिचे वर्षाचे आयुष्यक्रम समजून घेतले की पुढचे सारे उलगडते. बर्फ वितळल्यावर वसंताच्या अखेरीस कोंब वर येतो. गुडघ्याएवढे ते कमरेएवढे झाड वाढते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळ्या शिरा असलेली हिरवट-निळी, टोपीसारखी फुले येतात. ऑक्टोबरनंतर बी गळते, खोड वाळते आणि जमिनीवर काहीही उरत नाही. जमिनीखाली मात्र जोडीने दोन कंद असतात: एक आईचा, दुसरा लेकीचा. आईचा कंद खोडाला आणि फुलाला पोसून संपून जातो. लेकीचा कंद बर्फाखाली अनेक महिने निद्रिस्त राहतो आणि पुढच्या वर्षी तोच आई होतो. आपण गुटीत उगाळतो तो हाच कंद. बी पडण्यापूर्वी कोणी कुदळ मारून जोडी उपटून नेली, तर तेथे पुढच्या वर्षी उगवण्यासाठी काही राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अशा उपशामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या वनस्पतीची नोंद संकटग्रस्त जातींमध्ये केली आहे.

तेथे तिची लागवड कशी होते

जंगलातील साठा आटत चालल्यामुळे डोंगराळ भागातील शेतकऱ्यांनी हिची लागवड करावी, असे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत. श्रीनगर-गढवाल येथील विद्यापीठात उच्च पर्वतीय वनस्पतींच्या अभ्यासाचे केंद्र १९७९ मध्ये स्थापन झाले. तुंगनाथच्या परिसरात, प्रत्यक्ष बुग्यालाच्या उंचीवर, त्याचे प्रयोगक्षेत्र आहे. चमोली जिल्ह्यातील गोपेश्वरची जडीबुटी संशोधन संस्था आणि हिमाचलातील पालमपूरची हिमालयीन जैवसंपदा संस्था याही या कामात आहेत. त्यांच्या अनुभवातून जी पद्धत बसली आहे, ती थोडक्यात अशी.

शेत किमान दोन हजार मीटरच्या वर असावे लागते; जितके उंच तितके चांगले. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या कुजलेल्या खताने समृद्ध आणि पाण्याचा झटपट निचरा करणारी लागते. पाणी साचले की कंद कुजतो. बी ताजे असावे लागते, कारण त्याची उगवणशक्ती लवकर घटते. त्याला थंडीचा काळ मिळाल्याखेरीज ते नीट रुजत नाही. म्हणून ते हिवाळ्याच्या तोंडावर किंवा हिवाळा सरताना रोपवाटिकेतील वाफ्यात अगदी वरवर पेरतात आणि त्यावर पाचोळ्याचे पातळ पांघरूण घालतात. पहिल्या वर्षी इवलेसे रोप तेवढे दिसते. सशक्त झालेली रोपे पुढे मोकळ्या शेतात लावतात. ज्यांच्याकडे जुने पीक आहे, ते लेकीचे कंद लावून एखाद-दोन वर्षे वाचवतात.

बियापासून काढणीपर्यंत तीन ते चार वर्षे जातात. खोड पिवळे पडून वाळल्यावर शरदाच्या अखेरीस कंद काढतात. बारीक कंद पुन्हा मातीत घालतात, मोठे धुऊन सावलीत वाळवतात. वाळलेल्या कंदाला कीड फार लवकर लागते. आपल्या पूर्वसूरींनी तिला 'घुणवल्लभा', म्हणजे घुण्यांची लाडकी, असे एक नाव दिले आहे ते उगाच नव्हे. म्हणून ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात साठवावी लागते. शिवाय उत्तराखंडात हा माल शेतात पिकवलेला आहे, जंगलातून उपटलेला नाही, याची नोंद करून वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो.

म्हणजेच, जेथे हवा, माती आणि बर्फ सारे अनुकूल आहे, तेथेही हे चार वर्षांच्या धीराचे पीक आहे. तेथील शेतकरीसुद्धा एका हंगामात श्रीमंत होण्यासाठी ते लावीत नाही.

बीडमध्ये ती का जगत नाही

आता आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. अतिविष जेथून सुरू होते, ती उंची आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखराच्याही वर सात-आठशे मीटर आहे. दर हजार मीटर वर गेले की हवा साधारणतः साडेसहा अंशांनी थंड होते. या हिशेबाने तीन हजार मीटरवरील बुग्याल आणि आपले शिवार यांच्यात सुमारे सोळा अंशांचे अंतर पडते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो.

शेडनेटने ऊन अडविता येते, परंतु बर्फाखालची चार-पाच महिन्यांची निद्रा शेडनेटखाली मिळत नाही. ती निद्रा चुकली की कंद थकत जातो. त्यात तापलेल्या मातीत रोज पाणी घातले की तो आतून कुजतो. आजोबा, तुमचे काहीही चुकले नाही. तुम्ही मायेने पाणी घातले. ज्याने हे रोप येथे जगेल असे सांगितले, चूक त्याची होती.

याचा अर्थ आपली माती कमी प्रतीची आहे असा मुळीच नाही. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर, थोड्या पाण्यात गोडी धरणारे आपले सीताफळ पाहा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते सीताफळ कोणी केदारनाथला नेऊन लावले तर तेही तेथे मरेल. प्रत्येक वनस्पतीचा एक मुलूख असतो आणि त्या मुलखाशी तिचा गुण बांधलेला असतो.

अशा फसवणुकीचा आपल्या भागाला पूर्वानुभव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात सफेद मुसळीची लाट आली होती. महागडे बेणे विकले गेले, आणि माल हाती आल्यावर घेणारे दिसेनासे झाले, हे आपल्यापैकी काहींनी सोसले आहे. म्हणून आमची विनंती आहे की कोणतीही नवी औषधी वनस्पती लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही मूळची किती उंचीवरची आणि कोणत्या हवामानातील आहे? आपल्याच तालुक्यात कोणाच्या शेतात ती सलग तीन वर्षे टिकली आहे, ते शेत दाखवाल काय? आणि खरेदीची हमी कोण, कोणत्या दराने, लेखी देत आहे? उत्तरे समाधानकारक वाटली, तरी पैसे देण्यापूर्वी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राचा किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा. तो सल्ला विनामूल्य मिळतो.

रुग्णालय म्हणून सांगावयाचे

हा विषय केवळ शेतीचा असता तर कदाचित आम्ही तो येथे घेतला नसता. जी वस्तू दुर्मिळ आणि महाग होते, तिच्यात भेसळ शिरते. वाळलेला, तुकडे केलेला कंद पाहून तो अतिविषाचा की दुसऱ्या कशाचा, हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही. बचनाग याच कुळातला. त्याची बाधा झाली तर तोंडाभोवती मुंग्या येतात, बधिरता येते, उलट्या होतात, आणि हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतते. त्यावर हमखास उतारा असे औषध नाही; वेळीच रुग्णालयात पोहोचणे हाच उपाय. म्हणून कोणीही चव घेऊन परीक्षा करू नये आणि ओळख नसलेल्या विक्रेत्याकडून सुटे कंद घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट आजींना सांगावयाची आहे, आणि ती आम्ही आदरपूर्वक सांगत आहोत. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये: गुटी नाही, मध नाही, वरचे पाणीदेखील नाही. गुटीमागील आपला जिव्हाळा आम्ही जाणतो. परंतु न धुतलेली सहाण, उघडा राहिलेला डबा, साठवणीतील पाणी आणि भेसळीचा कंद यांतून जे पोटात जाते, त्याला इवलासा जीव तोंड देऊ शकत नाही. ऊसतोडीच्या कोपीवर, जेथे स्वच्छ पाण्याचीच वानवा असते, तेथे हा धोका अनेक पटींनी वाढतो. दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांनी सोबत ओआरएसची पाकिटे अवश्य न्यावीत. मुलाला जुलाब लागले तर ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकचे औषध चौदा दिवस पूर्ण द्यावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर कोणत्याही घरगुती उपायात वेळ न दवडता जवळचे रुग्णालय गाठावे. सहा महिन्यांनंतर ज्यांना आयुर्वेदीय औषध द्यावयाचे असेल, त्यांनी ते नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखालीच द्यावे.

बांधावरचा प्रतिनिधी

आता त्या दुसऱ्या नावाकडे वळू. एखादे द्रव्य मिळेनासे झाले तर वैद्याने काय करावे, याचा विचार आपल्या शास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. त्याला 'अभाव-प्रतिनिधी द्रव्य' असे म्हणतात. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या भावप्रकाश या ग्रंथात अशा पर्यायांची यादीच आहे. तीत अतिविष न मिळाल्यास मुस्ता वापरावी, असे सांगितले आहे.

ही मुस्ता म्हणजे कोण? ज्याला आपल्याकडे कोणी मोथा म्हणते, कोणी लव्हाळा, आणि ज्याच्या नावाने खुरपणी करणाऱ्या बायका बोटे मोडतात, तेच हे तण! तिधारी काडी, मातीत माळेसारखे ओवलेले काळपट, सुगंधी कंद. कितीही खुरपले तरी एक कंद मागे राहतो आणि आठवड्याने पुन्हा पाते वर काढतो. महापुरात मोठी झाडे वाहून जातात आणि लव्हाळा तेवढा वाचतो, म्हणून तुकोबांनी त्याला नम्रतेचा दाखला मानले. शेतकऱ्याला मात्र त्याचा ताप ठाऊक असतो.

बंगळुरू येथील संशोधकांनी २०१० मध्ये या जोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनस्पतिशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने अतिविष आणि मुस्ता यांचे काहीही नाते नाही. तरीही रस-गुणांच्या आयुर्वेदीय विचारात आणि जुलाबावरील परिणामासारख्या काही कार्यांत त्या एकमेकींजवळ येतात, असे त्यांनी दाखविले. जुन्या ग्रंथातील एक ओळ आधुनिक कसोटीवर घासून पाहण्याचा तो प्रयत्न होता. हा शेवटचा शब्द आहे असे आम्ही मानीत नाही. तथापि आपली दिशा कोणती असावी, ते त्यातून कळते.

मोथ्याचे औषधी कंद पावसाळा सरल्यावर काढतात, धुतात, त्यांवरील केस जाळून किंवा खरवडून काढतात आणि वाळवतात. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे: तणनाशक मारलेल्या शेतातील किंवा सांडपाण्याच्या काठचा मोथा औषधासाठी कदापि घेऊ नये. त्याची लागवड कशी करावी, हे येथील शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाही. त्याला कोंडून कसे ठेवावे, एवढाच प्रश्न असतो!

आमचा निर्णय

हिमालयीन उद्यानाचा प्रस्ताव आम्ही सविनय बाजूला ठेवला. देणगीदार कुटुंबाला आम्ही हे सारे समजावून सांगितले, आणि त्यांनी मोठ्या मनाने ते मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्यांच्या देणगीचा मोठा भाग आता बालरुग्ण कक्षातील ओआरएस केंद्रासाठी आणि ऊसतोड कुटुंबांना स्थलांतरापूर्वी द्यावयाच्या औषधपेटीसाठी वापरला जाईल. उरलेल्या रकमेतून आवारात लहानशी बाग होईल. तीत अडुळसा, गुळवेल, शतावरी, निर्गुडी अशी, आपल्या मातीत सुखाने नांदणारी झाडे असतील. आणि चारही बाजूंनी विटा लावलेल्या एका वाफ्यात मोथा असेल. त्याच्या पाटीवर अतिविषाचेही नाव लिहावे, असे आम्ही ठरविले आहे. म्हणजे पाहणाऱ्याला कळेल की दूरच्या एका डोंगरावर हिची एक दुर्मिळ सखी आहे आणि तिला तेथेच राहू देणे हे आपलेही कर्तव्य आहे.

त्या आजोबांना आम्ही बागेच्या पहिल्या दिवसाचे निमंत्रण पाठविले आहे. मोथ्याचे कंद त्यांच्याच बांधावरून आणावयाचे आहेत. या खेपेस त्यासाठी त्यांना कोणाला एक पैसाही द्यावा लागणार नाही.

देणगीदारांनो, आपण दिलेला प्रत्येक रुपया येथे येणाऱ्या अशाच एखाद्या घरासाठी खर्च होतो. तो योग्य मातीत पडावा, एवढी काळजी घेण्याचे बळ परमेश्वराने आम्हांला द्यावे, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.